धोंड्याच्या महिन्यात शिबिर भरवू नये

आमच्या घराण्याचं पहिलं उन्हाळी शिबिर उत्तम पार पडलं. फक्त मी जिथं भरवलं होतं तिथं ते पार पडलं नाही, आणि जिथं पार पडलं तिथं मी नव्हतो. एवढे दोन तपशील सोडले, तर आयोजनात खोट काढायला कुणाला जागा नाही.

मी धाराशिवच्या एका शाळेत मास्तर आहे. शाळेची शिबिरं भरवण्यात माझी हयात गेली. तंबू, शिट्टी, हजेरी, वेळापत्रक, घरच्या आठवणीनं रडणारी मुलं, हे सगळं मला सरावाचं. त्यामुळं यंदा सुट्टीत सगळ्या घराण्यानं चार दिवस एकत्र यावं असं ठरलं, तेव्हा मी ताबडतोब म्हणालो, "घरात कशाला? शिबिरच भरवू की! आपल्या शेतात, तंबूत, उघड्यावर!"

बायको म्हणाली, "अहो, माणसं यायचीत. विद्यार्थी नव्हं."

मी तिकडं लक्ष दिलं नाही. (तीस वर्षांच्या संसारात मी ज्या ज्या वाक्याकडं लक्ष दिलं नाही, ते ते पुढं खरं ठरलं. तरी सवय जात नाही.)

आमचं शेत ईटजवळ आहे, एसटीच्या फाट्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. ते बघतात माझे थोरले चुलतभाऊ, आप्पा. शिबिराला त्यांची ना नव्हती. त्यांची अट एकच. यंदा धोंड्याचा महिना आलाय, तर घराण्यातले झाडून सगळे जावई बोलवायचे आणि धोंडे करायचे. तीन वर्षांतून एकदा हा अधिक महिना येतो आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, वर आहेर करायचा. नारायणानं एरवी काय दिवे लावलेत, हे त्या महिन्यात विचारायचं नसतं. (मीही एका घरचा जावई आहे, म्हणून अधिकारानं सांगतो.)

"सगळे जावई म्हणजे बेंबळीचे मामाबी?" मी जपून विचारलं.

"तेच तर पयले," आप्पा म्हणाले. "आन् त्यांला आणायचा जिम्मा तुझा. बिघडवलंय कुणी?"

बिघडवलं होतं मी. बेंबळीचे मामा म्हणजे आमच्या कौसाआत्यांचे यजमान, घराण्यातले सगळ्यांत थोरले जावई. नऊ वर्षांपूर्वी आप्पांच्या मुलीच्या लग्नात फेट्यांचं काम माझ्याकडं होतं. मी शिस्तीत याद्या केल्या. घरच्यांना फेटा, पाहुण्यांना टोपी. मामा बेंबळीहून येणार म्हणून मी त्यांना पाहुण्यांत धरलं. भर मांडवात थोरल्या जावयाच्या हातात टोपी पडली! मामांनी टोपीची नीट घडी करून खिशात घातली, ते न जेवता उठले आणि एसटी धरली. त्यानंतर नऊ वर्षं आत्या माहेरी आल्या नाहीत.

याच आत्यांकडं बेंबळीला राहून माझी आठवी ते दहावी झाली. ताटात दोन भाकरी वाढल्यावर तिसरी त्या माझ्याकडं न बघता सरकवायच्या, म्हणजे मला लाज वाटू नये. त्यांचं माहेर माझ्यामुळं तुटलं याची मात्र मला नऊ वर्षं भरपूर लाज वाटत होती. म्हणून इतरांसाठी हे शिबिर असेल, माझ्यासाठी त्यात एकच कार्यक्रम होता. मामा पाटावर बसले पाहिजेत आणि आत्या माहेरच्या पंगतीला जेवल्या पाहिजेत.

फोनवर बोलावणं म्हणजे दुसरी टोपीच! मी आणि बायको कुंकू-अक्षता, नारळ घेऊन बेंबळीला गेलो. मामा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"मामा, धोंड्याला यायचंय."

"बघू."

"चार दिवस राहायचंय."

"बघू."

"तंबूत."

या वेळी मात्र त्यांनी बघितलं. "तंबूत कशापायी? घर पडलं का?"

निघताना आत्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुभाष, ह्या डावाला नीट कर रं बाबा. माझं बी आता वय झालं. म्या किती डाव ह्यांची समजूत घालू?"

"आत्या, तुम्ही काही फिकीर करू नका," मी म्हणालो. "या वेळी सगळं लेखी आहे."

शिबिराची जागा मी निवडली. जागा उंचावर असावी आणि झाडांपासून लांब असावी, असा शिबिराचा नियम आहे. आमच्या शेतात असं ठिकाण एकच, वरचा मुरमाड माळ. तिथं गवतसुद्धा मनाविरुद्ध उगवतं. तंबू उतरताना आप्पा चक्रावले.

"आरं, विहिरीपाशी चिंच हाय की चांगली. तिच्या सावलीला ठोक!"

"आप्पा, झाडाखाली तंबू ठोकत नसतात. वीज पडते."

"ह्या उन्हात विजेला तरी हिकडं यायची काय पडलीय?"

नियम म्हणजे नियम. माळावर ओळीनं पंधरा तंबू उभे राहिले. खिळे मुरुमात जाईनात म्हणून प्रत्येक दोरीवर दगड ठेवला. दिसायला फार सुंदर दिसत होतं. आत जाऊन कुणी बसलं नव्हतं तोवर.

ठरल्या दिवशी सकाळी नऊपर्यंत अडतीस माणसं जमली आणि त्यांत मामा आणि आत्या होते! मामा धोतर-टोपीत, ताठ. आत्या गाडीतून उतरल्या त्या थेट बांधावर गेल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मग सगळ्यांच्या गळ्यात पडल्या. मला म्हणाल्या, "वाळलास की रं." माझं वजन नव्वद किलो आहे. मला फार बरं वाटलं.

इथंच मी गप्प बसलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. पण दहा वाजता वेळापत्रकात हजेरी आणि कामवाटप होतं. शिबिरात पाहुणा कुणी नसतो, कामं सगळ्यांनी करायची असतात. शाळेत मी कामं वर्णानुक्रमानं वाटतो, म्हणजे वशिल्याचा आरोप येत नाही. यादी रात्री जागून केलेली होती. मी शिट्टी फुंकली आणि पहिलं नाव वाचलं.

"अंबादास ज्ञानोबा!"

(हजेरीत 'राव' लावायची पद्धत नाही. एकाला लावलं की सगळ्यांना लावावं लागतं.)

अख्ख्या माळाच्या माना माझ्याकडं वळल्या.

"हजर," मामा म्हणाले.

मी मान वर न करता पुढं वाचलं, "चहाची भांडी."

कुणाच्या तरी हातातली बशी पडली. बायकोनं डोळे मिटून घेतले. मामा सावकाश उठले. ते भांड्यांकडंच निघालेत असं मला प्रामाणिकपणे वाटलं आणि मी मोठ्यानं म्हणालो, "शाब्बास!"

मामा तंबूत गेले, पिशवी घेऊन बाहेर आले आणि आप्पांना म्हणाले, "भूमची गाडी कितीला हाय?"

"दीडला," आप्पा बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"मी दीडच्या गाडीनं जाणार," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतकं स्पष्ट सांगून मामा फाट्याच्या वाटेला लागले. पाठमोरे मामा लहान लहान होत गेले, तसे आप्पा माझ्यावर मोठे मोठे होत आले.

"आरं मास्तरा! धोंड्याच्या महिन्यात जावयाला भांडी? थोरल्या जावयाला? ह्याच्यापरीस ती टोपी बरी हुती की!"

"आप्पा, वर्णानुक्रमानं..."

"चुलीत घाल तुझा वर्णानुक्रम!"

आत्या तंबूच्या तोंडाशी जाऊन बसल्या. मांडीवर बोचकं, डोळ्याला पदर. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "तुझी चूक न्हाय रं. माझं माहेरच तुझ्या यादीत बसत न्हाय." त्या चिडल्या असत्या तर मला सोसलं असतं.

रुसलेल्या जावयाला मनवायला जायची एक रीत असते. आधी मेहुण्यानं जायचं. मेहुणे हयात नसतील, तर थोरल्या भाच्यानं. म्हणून आप्पा निघाले. "धा मिंटांत घिऊन येतो," म्हणाले. अर्धा तास झाला, आप्पा नाहीत. मग घराण्यातले सगळ्यांत धाकटे जावई गेले. हे पुण्याला कंपनीत माणसांची समजूत घालायचाच पगार घेतात. तेही गेले ते गेलेच. मग "मामांनी पानी बी घेतलं नसंल" म्हणून चार बायका घागर घेऊन गेल्या. थोड्या वेळानं फाट्यावरून एक चुलतभाऊ पळत आला. मला वाटलं, निरोप आणला. त्यानं तंबूतली सतरंजी गुंडाळली आणि पत्त्यांचा कॅट मागितला.

"पत्ते कशाला?"

"मामांचं मन रमवायला," असं म्हणून तो सतरंजीसकट निघूनसुद्धा गेला.

अकराला माळावर वारं सुटलं. चूल धरेना. धूर सगळा डोळ्यांत आणि राख सगळी पुरणात. बायकोनं पदर खोचला, पुरणाचं पातेलं उचललं आणि दोघींना कणीक उचलायला लावली.

"कुठं निघालीस?"

"फाट्यावर. तिथं आडोसा हाय."

"अगं, स्वयंपाक वेळापत्रकात इथं दाखवलाय!"

"मग वेळापत्रकच उकडून खावा," ती म्हणाली आणि चालती झाली.

पातेल्यामागं सगळी लहान पोरं गेली. पोरांमागं त्यांच्या आया. शेवटी आत्यासुद्धा उठल्या. "ह्यांनी रक्तदाबाची गोळी घेतली का न्हाय, तेवढं बघून येते," म्हणाल्या. पंधरा तंबू आणि मी, एवढेच माळावर उरलो. मी जोरात शिट्टी वाजवली. एक शेळी आली.

एक वाजला. त्या उन्हात शेळीशी किती वेळ बोलणार? मीही फाट्याची वाट धरली आणि तिथं जे बघितलं त्यानं जागीच थांबलो. फाट्यावरच्या निवाऱ्यामागं मोठा लिंब आहे. त्याच्या गार सावलीत आमचं अख्खं घराणं सांडलेलं होतं. दगडाच्या आडोशाला तीन चुली फक्कड पेटल्या होत्या. पोरं पारंबीविना झाडाला लोंबकळत होती. मधोमध सतरंजीवर मामा, आप्पा आणि पुण्याचे जावई पत्ते कुटत होते, आणि मामा हसत होते! नऊ वर्षांत मी त्यांचे दात बघितले नव्हते.

त्यांची नजर माझ्यावर पडली. हसू थांबलं, पत्ते खाली गेले आणि तोंड रस्त्याकडं वळलं.

आप्पांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. "आरं, तू कशाला आलास? मनवणं झोकात चाललं हुतं!"

"मग येतायत ना मामा माळावर?"

"माळावर कोण येतंय? मी बी न्हाय येत."

"बरं, इथंच जेवू. मामा राहतायत ना?"

आप्पांनी मान हलवली. "तीच तर पंचाईत हाय. राग कवाच गेला त्यांचा. पर समद्यांम्होरं म्हणून बसलेत, दीडच्या गाडीनं जातो म्हणून. थोरलं माणूस हाय. शबुद फिरवायचा कसा?"

म्हणजे भांडण मिटलं होतं, फक्त गाडी यायची राहिली होती. आणि गाडी आली की आत्यांना बोचकं उचलून त्यांच्यामागं जावं लागणार होतं. धोंडे शिजत आले होते. आत्या चुलीपाशी बसून तूप कढवत होत्या, पण त्यांचं लक्ष सगळं रस्त्याकडं होतं.

माझ्या पिशवीत जरीकाठी फेटा होता, चांगला सात मीटर. (वेळापत्रकात पावणेएक ते एक: थोरल्या जावयांस फेटा.) तो काढून मी मामांपुढं उभा राहिलो. "मामा, चुकलो. तेव्हाही चुकलो, आजही चुकलो. तेवढा फेटा बांधू द्या, मग जा."

"गाडीत काय करायचाय फेटा?" मामा रस्त्याकडं बघत म्हणाले आणि तेवढ्यात हॉर्न वाजला.

बरोबर दीड! अडतीस माणसांपैकी एकानंही हात केला नाही. सगळे माना खाली घालून बसले, जणू हात नाही दाखवला तर गाडीला आम्ही दिसणारच नाही. पण थांब्यावर एवढी गर्दी बघून ड्रायव्हरनं आपण होऊन गाडी उभी केली.

मामा उठले, धोतर झटकलं, गाडीत चढले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्यामागं फेटा घेऊन मी चढलो आणि विचारायच्या भानगडीत न पडता त्यांची टोपी काढून बांधायला सुरुवात केली. एक वेढा. दोन वेढे.

"पाव्हणं, बसून घ्या न्हायतर उतरा," कंडक्टर म्हणाले.

आत्या खिडकीखाली आल्या होत्या. हाताला तूप तसंच होतं. आयुष्यात नवऱ्याशी वर मान करून बोलल्या नसतील, त्या सगळ्या गाडीसमोर म्हणाल्या, "तुमाला जायचं तर खुशाल जावा. एका टोपीपायी म्या नऊ वर्सं माहेर बघितलं न्हाय. भाऊ गेला तवा दुरून रडले. आज म्या जेवल्याबिगर हलायची न्हाय."

मामा समोर बघत बसले. मग एकदम उभे राहिले.

"पिशवी खाली ऱ्हायली," ते म्हणाले.

पिशवी आत्यांच्या खांद्याला होती, खिडकीतून सहज घेता आली असती. मामा डोक्याला दोन वेढे घेतलेला फेटा घेऊन, एखाद्या संस्थानिकाच्या चालीनं पायऱ्या उतरले. उरलेला पाचएक मीटर माझ्या हातात. एकाला उतरायचं होतं तो उतरला, दुसऱ्याला जायचंय, असा अंदाज बांधून कंडक्टरनी घंटी दिली. गाडी हलली!

"फेटा सोड!" आप्पा ओरडले.

मी सोडला. दाराच्या फटीतून जरीचा काठ सळसळत बाहेर गेला आणि नऊ वर्षांनी मामांना अख्खा फेटा मिळाला. मला भूमची गाडी मिळाली.

"थांबवा! मला उतरायचंय!"

"आता फुडल्या गावाला," कंडक्टर शांतपणे म्हणाले. "कुठलं जावई तुमी?"

"मी जावई नाही!"

"रुसल्यावर समदेच आसं म्हणत्यात."

बाजूच्या बाकावर आंब्यांची पाटी मांडीवर घेतलेल्या आजी होत्या. त्या म्हणाल्या, "लेकरा, धोंड्याच्या महिन्यात आसं उठून येऊ न्हाय. सासरवाडीची माणसं कशी मागं पळत हुती बघ!"

"आजी, ती माझीच माणसं आहेत."

"मग? आपल्याच माणसावर रुसायचं आस्तंय. पर येळंला माघारी जायचं."

मागून एक म्हातारबाबा कडाडले, "फेटा भाईर फेकला ह्यानं! म्या माझ्या डोळ्यानं बघितला. येवढा जरीचा फेटा! लई ताठा बरा न्हाय पाव्हणं. काय कमी केलं हुतं त्यांनी?"

मी खुलासा करत होतो, पण अधिक महिन्यात चालत्या एसटीत जावई नसल्याचा पुरावा माणूस देणार कुठून? पुढचं गाव आलं तेव्हा साऱ्या गाडीनं एकमतानं मला खाली उतरवलं. आजींनी हातात दोन आंबे दिले. "मोकळ्या हातानं जाऊ नगं. सासूच्या पाया पड."

परतीला एक खवेवाले भेटले. त्यांच्या मोटारसायकलवर, खव्याच्या डब्यांच्या मधल्या फटीत, मी कसाबसा बसलो. दोन किलोमीटर गेल्यावर त्यांनी मान वळवली. "जावई का?"

"व्हय," मी म्हणालो. माझ्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

फाट्यावर पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. पंगत कधीच उठली होती. लिंबाखाली सगळं घराणं हारीनं झोपलं होतं. मामा निवाऱ्यातल्या बाकावर आडवे होते, फेट्यासकट. तो आप्पांनी बांधून पुरा केला होता, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगला बांधला होता.

एकट्या आत्या जाग्या होत्या. त्यांनी झाकलेलं ताट उघडलं. दोन धोंडे, वर तूप.

"आत्या, तुम्ही जेवलात?"

"जेवले की. पोट फुटंस्तोवर जेवले," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "नऊ वर्सांचं जेवले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटावर ढकलायची सोय नव्हती, धोंडा गोड असतो.

"पुढल्या धोंड्याला बी आसंच कर," आत्या म्हणाल्या.

"असंच म्हणजे? शिबिर?"

बाकावरून, डोळे न उघडता, मामा बोलले. बांधावर पाय ठेवल्यापासून ते माझ्याशी प्रथमच एवढं बोलत होते. "व्हय. समद्यांला बोलव. तयारी चोख कर. आन् माणसं जमली, की दीडच्या गाडीत बस."

हा ठराव घराण्यानं मंजूर केला आहे. त्यावर फक्त एक दुरुस्ती आली आहे, की दीडपर्यंत वाट बघण्यापेक्षा मी सकाळच्याच गाडीनं निघावं. दुरुस्ती बायकोची आहे.